एव्हारिस्त गाल्वा

एव्हारिस्त गाल्वा (जन्म : २५ ऑक्टोबर १८११, बूर-ला-रेन, फ्रान्स, मृत्यू : ३१ मे १८३२, पॅरिस) हे फ्रेंच गणितज्ञ होते. कोणती बैजिक समीकरणे मूलचिन्हांच्या साहाय्याने सोडवता येतात, या प्रश्नाचे पूर्ण उत्तर देणारा सिद्धांत त्यांनी मांडला. हा सिद्धांत आज ‘गाल्वा सिद्धांत’ या नावाने ओळखला जातो. मर्यादित घटकसंख्या असलेल्या क्षेत्रांचा, म्हणजेच सांत क्षेत्रांचा, पाया त्यांनी १८३० साली प्रसिद्ध केलेल्या एका छोट्या निबंधात आहे. म्हणून अशा क्षेत्रांना ‘गाल्वा क्षेत्रे’ असेही म्हणतात. संगणक, दूरसंचार आणि संदेशांतील चुकांची दुरुस्ती यांत वापरल्या जाणाऱ्या आदिम बहुपदींची कल्पनाही याच निबंधापर्यंत मागे जाते. वयाच्या अवघ्या २०व्या वर्षी द्वंद्वयुद्धात झालेल्या जखमेमुळे त्यांचा मृत्यू झाला.

बालपण

पॅरिसच्या दक्षिणेस असलेल्या बूर-ला-रेन या गावात गाल्वा यांचा जन्म झाला. वडील निकोला-गाब्रिएल गाल्वा हे तेथील शाळेचे प्रमुख होते. उदारमतवादी विचारांचे हे गृहस्थ १८१५ मध्ये गावाचे महापौर झाले आणि राजेशाही परत आल्यानंतरही त्या पदावर राहिले. आई आदेलाईद-मारी दमांत कायदेपंडितांच्या घराण्यातील होत्या आणि लॅटिन व अभिजात वाङ्मय त्यांना उत्तम अवगत होते. वयाच्या बाराव्या वर्षापर्यंत एव्हारिस्त यांचे शिक्षण घरी आईजवळच झाले. त्यांना एक थोरली बहीण आणि आल्फ्रेद नावाचा धाकटा भाऊ होता.

विद्यालयीन शिक्षण

ऑक्टोबर १८२३ मध्ये गाल्वा पॅरिसमधील लुई-ल-ग्रां या ख्यातनाम निवासी विद्यालयात दाखल झाले. विद्यालयाची शिस्त कडक होती आणि तेथील वातावरणात त्या काळच्या राजकीय तणावाचे पडसाद उमटत असत. पहिली काही वर्षे त्यांनी अभ्यासात चांगली प्रगती केली. पुढे त्यांना एक वर्ग पुन्हा करावा लागला आणि याच सुमारास, १८२७ मध्ये, ते गणिताच्या वर्गात बसू लागले. लझांद्र यांचे भूमितीवरील पुस्तक आणि त्यानंतर लाग्रांझ यांचे समीकरणांवरील मूळ लेखन त्यांनी वाचले. पाठ्यपुस्तकांपेक्षा थेट मूळ ग्रंथकारांकडे जाण्याची सवय त्यांना येथेच लागली. इतर विषयांकडे मात्र त्यांचे दुर्लक्ष होऊ लागले.

एकोल पॉलिटेक्निक ही त्या काळी फ्रान्समधील गणिताची सर्वांत प्रतिष्ठित संस्था होती. नेहमीची पूर्वतयारी न करताच गाल्वा यांनी १८२८ मध्ये तिची प्रवेशपरीक्षा दिली आणि ते अनुत्तीर्ण झाले. त्या वर्षी लुई-पोल-एमिल रिशार हे शिक्षक त्यांना लाभले. आपल्या वर्गात असामान्य बुद्धीचा विद्यार्थी आहे, हे रिशार यांनी ओळखले. त्यांनी गाल्वा यांच्या वह्या जपून ठेवल्या आणि पुढे शार्ल एर्मीत या आपल्या दुसऱ्या विद्यार्थ्याच्या हाती सोपवल्या. एर्मीतही नंतर थोर गणितज्ञ झाले. गाल्वा यांचा पहिला लेख एप्रिल १८२९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याचा विषय आवर्ती परंपरित अपूर्णांक हा होता.

२ जुलै १८२९ रोजी त्यांच्या वडिलांनी आत्महत्या केली. गावातील राजकीय विरोधकांनी त्यांच्या नावावर खोटी कवने पसरवून त्यांची बदनामी केली होती, आणि त्यात स्थानिक धर्मगुरूचा हात होता. या आघातानंतर काही आठवड्यांतच गाल्वा यांनी पॉलिटेक्निकची परीक्षा दुसऱ्यांदा आणि अखेरची दिली. याही वेळी त्यांना अपयश आले. त्यांनी परीक्षकावर फळा पुसण्याचे फडके फेकल्याची कथा पुष्कळदा सांगितली जाते, परंतु तिला समकालीन आधार नाही. अखेरीस त्यांनी शिक्षक तयार करणाऱ्या एकोल नॉर्माल या संस्थेत प्रवेश घेतला.

समीकरणांचा प्रश्न

वर्गसमीकरण सोडवण्याची रीत प्राचीन काळापासून ज्ञात होती. तिसऱ्या व चौथ्या घाताच्या समीकरणांची सूत्रे सोळाव्या शतकात इटलीत सापडली. पाचव्या घाताचे असे सूत्र शोधण्याचे प्रयत्न त्यानंतर सुमारे अडीचशे वर्षे चालू होते. अखेरीस नॉर्वेचे नील्स हेन्रिक आबेल यांनी १८२४ मध्ये असे सर्वसामान्य सूत्र असूच शकत नाही, हे सिद्ध केले. तरीही पाचव्या किंवा त्याहून वरच्या घाताची काही विशिष्ट समीकरणे सुटतात. कोणती सुटतात आणि कोणती नाहीत, हे ओळखायचे कसे, हा प्रश्न मात्र शिल्लक होता.

गाल्वा यांनी समीकरणाच्या मुळांकडे एकेकटे न पाहता त्यांच्या परस्पर अदलाबदलींकडे पाहिले. मुळांमधील सर्व परिमेय संबंध कायम ठेवणाऱ्या अदलाबदली एकत्र घेतल्या की त्यांचा एक ‘गट’ होतो. हा गट ठरावीक पद्धतीने पायरीपायरीने लहान करत नेता आला, तर समीकरण मूलचिन्हांनी सुटते, अन्यथा नाही. ‘गट’ हा शब्द गणितात या अर्थाने त्यांनीच रूढ केला. लांबलचक आकडेमोडीऐवजी रचनेचा विचार करण्याची ही दृष्टी पुढे आधुनिक बीजगणिताचा आधार ठरली.

अकादमीकडे पाठवलेले निबंध

या विषयावरील पहिले निबंध गाल्वा यांनी मे व जून १८२९ मध्ये पॅरिसच्या विज्ञान अकादमीकडे पाठवले. परीक्षणाचे काम ऑग्युस्तँ-लुई कोशी यांच्याकडे होते. कोशींनी ते निबंध हरवले किंवा बाजूला टाकले, असे बरीच वर्षे लिहिले जात असे. पुढे उजेडात आलेल्या जानेवारी १८३० मधील एका पत्रावरून मात्र कोशी त्यांचा वृत्तांत अकादमीपुढे मांडणार होते आणि प्रकृतीमुळे त्या बैठकीस येऊ शकले नाहीत, असे दिसते. त्यानंतरच्या बैठकीत तो विषय निघाला नाही.

फेब्रुवारी १८३० मध्ये गाल्वा यांनी आपले लेखन नव्या स्वरूपात अकादमीच्या गणित पारितोषिकासाठी सादर केले. ते सचिव जोझेफ फूर्ये यांच्याकडे गेले. मे महिन्यात फूर्ये यांचे निधन झाले आणि त्यांच्या कागदपत्रांत हा निबंध सापडला नाही. पारितोषिक दिवंगत आबेल आणि जर्मन गणितज्ञ कार्ल याकोबी यांना देण्यात आले.

सिमेओं-देनी प्वासाँ यांच्या सूचनेवरून जानेवारी १८३१ मध्ये गाल्वा यांनी तिसऱ्यांदा निबंध पाठवला. विवेचन पुरेसे स्पष्ट व विस्तृत नसल्याने त्याच्या अचूकतेविषयी मत देता येत नाही, असा अहवाल प्वासाँ यांनी जुलैमध्ये दिला. सिद्धांत संपूर्णपणे मांडून झाल्यावर त्याचा पुन्हा विचार करता येईल, असेही त्यांनी सुचवले होते. गाल्वा यांनी पायऱ्या गाळून अतिशय संक्षेपाने लिहिले होते, हे यामागचे एक कारण होते. त्यांच्या कल्पना त्या काळाला पूर्णतः अपरिचित होत्या, हे दुसरे.

संख्यासिद्धांतावरील निबंध

या निराशेच्या काळातही गाल्वा यांचे काही लेखन छापले गेले. फेरूसाक यांच्या विज्ञानपत्रिकेत जून १८३० मध्ये संख्यासिद्धांतावरील त्यांचा निबंध आला, तेव्हा ते १८ वर्षांचे होते. सांत क्षेत्रांची कल्पना त्यात प्रथमच व्यवस्थित रूपात छापली गेली.

निबंधाचा विषय एका उदाहरणावरून समजतो. प्रत्येक संख्येला ७ ने भागून उरणारी बाकीच तेवढी विचारात घ्यायची असे ठरवले, तर ० ते ६ या सातच संख्या उरतात. या जगात कोणत्याही संख्येचा घन ०, १ किंवा ६ एवढाच येतो. त्यामुळे ज्याचा घन २ आहे अशी संख्या येथे मिळत नाही. उणे एकच्या वर्गमुळासाठी गणितज्ञांनी जसे काल्पनिक चिन्ह स्वीकारले होते, तसेच येथेही करावे, असे गाल्वा यांनी सुचवले. ज्याचा घन २ आहे असे एक नवे चिन्ह य मानले (य^३ = २; येथे ^ या खुणेनंतरचा अंक घात दाखवतो), तर य आणि य^२ यांच्या साहाय्याने ७ × ७ × ७ = ३४३ राशी तयार होतात. त्यांची बेरीज, वजाबाकी, गुणाकार आणि शून्येतर राशीने भागाकार नेहमीच्या नियमांनी करता येतो.

यापुढची पायरी अधिक महत्त्वाची आहे. शून्य सोडून उरलेल्या ३४२ राशींपैकी काही राशी अशा असतात की त्यांपैकी एकीचे घात घेत गेले असता सर्वच्या सर्व ३४२ राशी मिळतात. अशा राशीला आदिम मूळ म्हणतात. स्वतः य हे आदिम मूळ नाही, कारण त्याच्या नवव्या घातालाच १ येतो आणि चक्र पूर्ण होते. गाल्वा यांनी ३४२ चे २ × ९ × १९ असे अवयव पाडले, त्या त्या लांबीची चक्रे देणाऱ्या राशी शोधल्या आणि त्यांचा गुणाकार केला. त्यातून र = य − य^२ हे आदिम मूळ मिळाले. हे मूळ

र^३ − र + २ = ०

या समीकरणाचे समाधान करते. ज्या बहुपदीचे मूळ असे संपूर्ण क्षेत्र निर्माण करते, तिला आज आदिम बहुपदी म्हणतात. गाल्वा यांच्या उदाहरणातील ही बहुपदी केवळ तीन पदांची आहे.

कार्ल फ्रीडरिख गाउस यांनीही अशाच दिशेने विचार केला होता, परंतु त्यांचे ते लेखन त्यांच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झाले.

राजकारण व कारावास

जुलै १८३० मध्ये पॅरिसमध्ये क्रांती होऊन दहाव्या शार्ल राजाची सत्ता गेली आणि लुई-फिलिप राजा झाला. त्या दिवसांत पॉलिटेक्निकचे विद्यार्थी रस्त्यावर उतरले होते, तर एकोल नॉर्मालच्या संचालकांनी आपल्या विद्यार्थ्यांना संस्थेच्या आतच कोंडून ठेवले होते. प्रजासत्ताकवादी गाल्वा यांना हे असह्य झाले. संचालकांवर टीका करणारे त्यांचे पत्र डिसेंबरमध्ये एका नियतकालिकात छापले गेले आणि त्यांना संस्थेतून काढून टाकण्यात आले. ते राष्ट्रीय रक्षक दलाच्या तोफखान्यात दाखल झाले, मात्र लवकरच सरकारने तो तोफखाना बरखास्त केला. उपजीविकेसाठी जानेवारी १८३१ मध्ये त्यांनी एका ग्रंथविक्रेत्याच्या दुकानात बीजगणिताचे खासगी वर्ग सुरू केले, परंतु ते फार काळ चालले नाहीत.

९ मे १८३१ रोजी प्रजासत्ताकवाद्यांच्या एका मेजवानीत गाल्वा यांनी हातात उघडा सुरा धरून राजाच्या नावाने पेला उंचावला. ही राजाला धमकी आहे असे मानून दुसऱ्या दिवशी त्यांना अटक करण्यात आली. जूनमध्ये न्यायालयाने त्यांची निर्दोष मुक्तता केली. १४ जुलै रोजी, बरखास्त तोफखान्याचा गणवेश घालून व शस्त्रे बाळगून मिरवणुकीच्या अग्रभागी चालत असताना त्यांना पुन्हा अटक झाली. या वेळी सहा महिन्यांची शिक्षा झाली आणि त्यांना सेंत-पेलाजी तुरुंगात ठेवण्यात आले. प्वासाँ यांच्या प्रतिकूल अहवालाची वार्ता त्यांना तुरुंगातच कळली. तेथेही त्यांचे गणितलेखन चालू होते. मार्च १८३२ मध्ये पॅरिसमध्ये पटकीची साथ आल्यामुळे त्यांना एका आरोग्यगृहात हलवण्यात आले. स्तेफानी या तरुणीशी त्यांची ओळख याच ठिकाणी झाली, परंतु हे प्रेम सफल झाले नाही. एप्रिलअखेर त्यांची सुटका झाली.

द्वंद्वयुद्ध व मृत्यू

३० मे १८३२ च्या सकाळी पॅरिसच्या सीमेवर पिस्तुलांचे द्वंद्व झाले आणि गाल्वा यांच्या पोटात गोळी लागली. द्वंद्वामागे प्रेमप्रकरण होते असे त्यांच्या अखेरच्या पत्रांवरून दिसते; प्रतिस्पर्ध्याच्या नावाबाबत समकालीन वृत्तांतांत एकवाक्यता नाही. त्यांना कोशँ रुग्णालयात नेण्यात आले. धाकटा भाऊ आल्फ्रेद त्यांच्याजवळ होता. दुसऱ्या दिवशी, ३१ मे रोजी, त्यांची प्राणज्योत मालवली. २ जून रोजी माँपार्नास दफनभूमीतील सामायिक खड्ड्यात त्यांचा दफनविधी झाला. त्या जागेची कोणतीही खूण आज उरलेली नाही.

अखेरची रात्र : आख्यायिका व वस्तुस्थिती

द्वंद्वाच्या आदल्या रात्री गाल्वा यांनी आपला मित्र ऑग्युस्त शव्हालिए यांना एक प्रदीर्घ पत्र लिहिले. त्यात आपल्या संशोधनाचा सारांश देऊन, याकोबी किंवा गाउस यांच्याकडून या प्रमेयांच्या महत्त्वाविषयी जाहीर अभिप्राय मागवावा, अशी विनंती त्यांनी केली. त्याच रात्री त्यांनी प्वासाँ यांनी परत केलेल्या निबंधात काही दुरुस्त्या केल्या आणि वेळ अपुरा असल्याची नोंद समासात केली.

या घटनेवरून, संपूर्ण गाल्वा सिद्धांत एका रात्रीत लिहिला गेला, अशी समजूत विसाव्या शतकातील लोकप्रिय चरित्रलेखनामुळे पसरली. ही समजूत वस्तुस्थितीला धरून नाही. समीकरणांवरील पहिला निबंध द्वंद्वाच्या तीन वर्षे आधी अकादमीकडे गेला होता, तिसरा सोळा महिने आधी, आणि सांत क्षेत्रांवरील निबंध तर १८३० मध्येच छापून झाला होता. अखेरच्या रात्री गाल्वा यांनी केले ते शोध लावण्याचे काम नव्हते. तीन-चार वर्षांच्या सलग परिश्रमांतून जे हाती आले होते, ते नाहीसे होऊ नये यासाठीची ती निरवानिरव होती. आख्यायिकेत त्यांची अकाली अखेर ठळक होते आणि त्यांचा अभ्यास मात्र झाकला जातो.

लेखनाचे प्रकाशन

शव्हालिए यांना लिहिलेले पत्र सप्टेंबर १८३२ मध्ये एका नियतकालिकात प्रसिद्ध झाले, परंतु त्याकडे गणितज्ञांचे लक्ष गेले नाही. शव्हालिए व आल्फ्रेद यांनी उरलेले कागद जपले व त्यांच्या नकला केल्या. ते कागद पुढे जोझेफ लिऊव्हील यांच्याकडे आले. लिऊव्हील यांनी त्यांचा बारकाईने अभ्यास करून १८४३ मध्ये अकादमीला त्यांची माहिती दिली आणि १८४६ मध्ये आपल्या नियतकालिकात ते प्रसिद्ध केले. गाल्वा यांचे हे सारे महत्त्वाचे गणित सुमारे ६० पानांत मावले. कामीय जॉर्दां यांनी १८७० मध्ये लिहिलेल्या ग्रंथामुळे गट सिद्धांत ही स्वतंत्र शाखा म्हणून प्रस्थापित झाली. अमेरिकन गणितज्ञ एलियाकिम मूर यांनी १८९३ मध्ये प्रत्येक सांत क्षेत्र हे गाल्वा क्षेत्रच असते, हे दाखवले. लेनर्ड डिक्सन यांच्या १९०१ मधील ग्रंथात या क्षेत्रांचे सविस्तर विवेचन आहे.

दोन घटकांचे क्षेत्र व अल्पपदी आदिम बहुपदी

सर्वांत लहान सांत क्षेत्रात ० आणि १ हे दोनच घटक असतात. येथे १ + १ = ० होते. संगणकाचा सारा व्यवहार याच दोन अंकांवर चालत असल्याने विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या क्षेत्रावरील आदिम बहुपदींना मोठे व्यावहारिक महत्त्व आले.

क्ष^४ + क्ष + १ ही चौथ्या घाताची आदिम बहुपदी आहे. तिच्यावरून पुढील नियम मिळतो : प्रत्येक नवा अंक हा तीन जागा मागच्या आणि चार जागा मागच्या अंकांची बेरीज असतो. ०००१ पासून आरंभ केल्यास

०००१००११०१०११११

हा १५ अंकांचा क्रम मिळतो आणि मग तो पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो. चार अंकांच्या चौकटीला ०००० वगळता जी १५ रूपे शक्य आहेत, ती सर्व या क्रमात एकदाच येतात. याउलट क्ष^४ + क्ष^३ + क्ष^२ + क्ष + १ या बहुपदीचेही अवयव पडत नाहीत, परंतु तिचे चक्र पाच पायऱ्यांतच संपते. अवयव न पडणे आणि आदिम असणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. हा भेद गाल्वा यांच्या य आणि र यांमधील भेदासारखाच आहे.

यंत्रात असा क्रम निर्माण करताना बहुपदीत जितकी पदे कमी, तितक्या बेरजा कमी आणि यंत्ररचना सोपी. म्हणून कमी पदांच्या आदिम बहुपदी शोधण्यास महत्त्व आले. एकाहून अधिक घाताच्या आदिम बहुपदीत पदांची संख्या नेहमी विषम असते; ती सम असेल तर क्ष = १ घेतल्यावर किंमत शून्य येते, म्हणजे क्ष + १ हा तिचा अवयव ठरतो. म्हणून तीन ही अशा बहुपदींतील किमान पदसंख्या होय. क्ष^३ + क्ष + १, क्ष^७ + क्ष + १ आणि क्ष^१२७ + क्ष + १ या तीन पदांच्या आदिम बहुपदी आहेत. मात्र प्रत्येक घाताला अशी त्रिपदी मिळत नाही. घात ८ ने विभाज्य असेल, तर कोणत्याही त्रिपदीचे अवयव पडतातच, असे रिचर्ड स्वान यांच्या १९६२ मधील निष्कर्षावरून समजते. त्याच वर्षी ई. जे. वॉटसन यांनी १०० पर्यंतच्या प्रत्येक घातासाठी एकेक आदिम बहुपदी देणारी सारणी प्रसिद्ध केली. सॉलोमन गोलोम्ब यांच्या १९६७ मधील ग्रंथाने अशा अंकक्रमांचा अभ्यास सुसंघटित केला. २००२ मध्ये रिचर्ड ब्रेंट, सॅम्युली लार्वाला आणि पॉल झिमरमान यांनी

क्ष^६९७२५९३ + क्ष^३०३७९५८ + १

ही प्रचंड घाताची आदिम त्रिपदी शोधली.

संगणकात आठ अंकांचा गट हे मूलभूत एकक असते आणि तेथे त्रिपदी उपलब्ध नाही, म्हणून पाच पदांच्या बहुपदी घ्याव्या लागतात. क्ष^८ + क्ष^४ + क्ष^३ + क्ष^२ + १ ही आदिम बहुपदी क्यूआर कोडमधील दोषदुरुस्तीसाठी वापरली जाते. दुकानात पैसे देताना मोबाइलने टिपलेली खूण थोडी मळलेली किंवा फाटलेली असली तरी ती वाचता येते, याचे कारण २५६ घटकांच्या गाल्वा क्षेत्रातील हे गणित होय. माहिती गुप्त ठेवण्यासाठी २००१ मध्ये अमेरिकेत प्रमाण ठरलेल्या एईएस पद्धतीतही २५६ घटकांचेच क्षेत्र वापरले आहे. मात्र तेथे घेतलेल्या क्ष^८ + क्ष^४ + क्ष^३ + क्ष + १ या बहुपदीचे अवयव पडत नसले, तरी ती आदिम नाही.

स्मृती

बूर-ला-रेन येथील दफनभूमीत, नातलगांच्या कबरींजवळ, गाल्वा यांचे स्मारक आहे. त्यांच्या सर्व उपलब्ध लेखनाची चिकित्सक आवृत्ती १९६२ मध्ये रोबेर बूर्ञ व झां-पिएर आझ्रा यांच्या संपादनाखाली निघाली. गाल्वा सिद्धांत, गाल्वा गट आणि गाल्वा क्षेत्र या संज्ञा आज जगभरातील पदवी व पदव्युत्तर अभ्यासक्रमांत शिकवल्या जातात.